पाचशे रुपयांत सगळे काही? जरा थांबा!

करोल बागेत अजमल खाँ रोडची गर्दी मागे टाकून बिडनपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरले, की सोन्याचांदीच्या कामाची लहान लहान दुकाने लागतात. त्यांतल्या एखाद्या दुकानातून अस्सल माणदेशी वळणाची मराठी कानांवर पडते. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेल्या कुटुंबांपैकी काही दिल्लीतही स्थिरावली आहेत. जुने दागिने वितळवायचे, त्यांतील भेसळ वेगळी करायची आणि शुद्ध धातू काढून द्यायचा, हा त्यांचा व्यवसाय. कोणाचे किती ग्रॅम आले आणि किती परत गेले, याची नोंद म्हणजेच दुकानाची अब्रू.

अशा एका घराचे उदाहरण घ्या. वडील दुकान पाहतात, आई घर आणि दुकानाचा हिशेब सांभाळते, मुलगी बी. कॉम. करते आणि मुलगा सहावीत आहे. वहीतल्या नोंदी आता संगणकावर घ्याव्यात, असे ठरले आणि एक वापरलेला पण चांगल्या स्थितीतला संगणक पसंत पडला. यंत्राची किंमत ठरली तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘‘भाभीजी, विंडोज, ऑफिस, टॅली, फोटोवाला, सब डाल दूँगा. बस, पाँच सौ और दे देना.’’

आई खूश झाली. मुलीने मात्र हळूच विचारले, ‘‘आई, हजारो रुपयांची सॉफ्टवेअर हा पाचशेत कशी देतो?’’

हा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

पाचशे रुपयांत काय येते?

पाचशे रुपयांत येतात त्या चोरीच्या प्रती. त्या चालू करण्यासाठी ‘क्रॅक’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम वापरतात, आणि तो चालवण्याआधी बहुतेक वेळा अँटीव्हायरस बंद करायला सांगितले जाते. घराची कडी काढून ठेवा, मग मी आत येतो, असे सांगणाऱ्या पाहुण्याला कोणती गृहिणी घरात घेईल? अशा प्रोग्रॅममधून पासवर्ड चोरणारे किंवा सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस शिरू शकतात. ज्या संगणकावर गिऱ्हाइकांच्या सोन्याच्या नोंदी आहेत आणि ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे ही जोखीम पाचशे रुपयांची राहत नाही.

शिवाय कायदा आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रॅमची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कमीत कमी ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, तसेच ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी फायद्यासाठी नसेल, तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाला ही सवलत मिळेलच, असे गृहीत धरू नये.

मग फुकट ते सगळे वाईटच का? मुळीच नाही. फक्त फुकटाचे प्रकार ओळखता आले पाहिजेत.

फुकटाचे तीन प्रकार

पहिला प्रकार चाचणीचा. काही दिवस वापरा, आवडले तर पैसे भरा. फाइली आवळून लहान करणारे विनरार हे याचे जुने उदाहरण. त्याची चाचणी मुदत ४० दिवसांची असते.

दुसरा प्रकार अटी घालून फुकट. फोटो पाहण्याचे इरफानव्ह्यू १९९६ पासून लोकप्रिय आहे. घरगुती वापरासाठी ते विनामूल्य आहे, पण धंद्यासाठी वापरायचे तर परवाना विकत घ्यावा लागतो. एकच संगणक घरात आणि दुकानात वापरणाऱ्यांनी ही अट जरूर वाचावी.

तिसरा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली. असे सॉफ्टवेअर वापरता येते, दुसऱ्याला देता येते आणि जाणकाराला त्यात सुधारणाही करता येते. घरी वापरा वा दुकानात, परवान्याचे पैसे लागत नाहीत. त्याची प्रत शेजाऱ्याला दिली तर ती चोरी ठरत नाही. घरच्या संगणकासाठी शोध इथूनच सुरू करावा.

आधी कागद, मग संगणक

भाजीला जाताना यादी केली नाही, तर नको ते घरी येते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. म्हणून या घरातल्या मुलीने एका कागदावर प्रत्येकाचे काम लिहून काढले. आईला हिशेब आणि मराठीत पत्रे, वडिलांना बिले, तिला स्वतःला टॅलीचा सराव, भावाला शाळेचे प्रकल्प, आणि सर्वांना इंटरनेट, फोटो, गाणी व चित्रपट. दुकानदाराच्या यादीतली निम्मी नावे या कागदावर नव्हतीच.

पत्रे आणि तक्ते : लिबरऑफिस. जर्मनीतील स्टारऑफिस या जुन्या सॉफ्टवेअरमधून आधी ओपनऑफिस आणि पुढे २०१० मध्ये लिबरऑफिस निघाले. पत्र, तक्ता, सादरीकरण, सगळे त्यात होते. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली ते उघडते. गुंतागुंतीच्या फाइलीची मांडणी कधी थोडी विस्कटते, म्हणून दुसऱ्याला छापायला द्यायची फाइल पीडीएफ करून द्यावी. त्याचा मेनूही मराठीत करता येतो. वजनाची आवक-जावक ठेवायला त्यातला तक्ता पुरतो.

इंटरनेट : फायरफॉक्स. २००४ पासून मिळणारा हा ब्राउझर मुक्त आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे.

चित्रपट आणि गाणी : व्हीएलसी. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून हा प्लेअर जन्मला. लग्नाची जुनी सीडी असो वा मोबाइलवरचा व्हिडिओ, बहुतेक सगळे त्यात चालते.

फोटो : गिम्प. अर्जासाठी फोटो लहान करणे, डाग काढणे, पार्श्वभूमी बदलणे ही कामे यात होतात. शिकायला मात्र चार दिवस द्यावे लागतात.

फाइली आवळणे : सेव्हन-झिप. चाळीस दिवसांची भानगडच नाही.

हिशेबाचे काय?

इथे घाई करू नये. वस्तू व सेवा कराच्या जाळ्याने (जीएसटीएन) २०१९ मध्ये वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेल्या करदात्यांसाठी बिले आणि हिशेबाची सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध करून दिली. जीएसटीच्या संकेतस्थळावर डाउनलोड विभागात ती आधी पाहावीत आणि आपल्या धंद्याला कोणते चालेल, ते सनदी लेखापालांना विचारून ठरवावे. टॅलीवरच काम करायचे असेल, तर दुकानासाठी परवाना विकत घ्यावा. तो धंद्याचा रास्त खर्च आहे.

मुलीच्या सरावासाठी मात्र पैसे खर्च करण्याची गरज नाही. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती कंपनीच विनामूल्य देते. तिच्यात महिन्यातील ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात. दुकानाला ती निरुपयोगी, पण शिकायला भरपूर.

मराठीचा फॉन्ट सांभाळा

गावाकडे असलेल्या चुलत्यांनी पाठवलेली जमिनीच्या कागदाची फाइल उघडावी आणि पडद्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसावी, हा अनुभव अनेकांना आला असेल. कारण ती फाइल जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तो फॉन्ट आपल्याकडे नसला, की मजकूर वाचता येत नाही.

म्हणून नवे सगळे लिखाण युनिकोडमध्येच करावे. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येही असतो आणि लिनक्समध्येही. तो फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा असतो. रोज अर्धा तास सराव केला, तर काही आठवड्यांत हात बसतो. सुंदर फॉन्टसाठीही पैसे मोजावे लागत नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतो.

जुन्या यंत्राचे काय करावे?

वापरलेला संगणक घेताना आणखी एक अडचण येते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यापुढे संरक्षण हवे असणाऱ्यांसाठी वेगळी नोंदणी करून ठरावीक काळाची वाढीव मुदत ठेवण्यात आली. विंडोज ११ मात्र साधारण २०१८ पूर्वीच्या बऱ्याच यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वीच विचारावे, ‘यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालेल का? या विंडोजचा परवाना खरा आहे का?’

उत्तर ‘नाही’ असले, तर लिनक्स हा चांगला मार्ग आहे. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला. त्यावर आधारलेले लिनक्स मिंट विंडोजची सवय असलेल्यांना लवकर जमते. ४ जीबी मेमरीच्या यंत्रावरही ते बरे चालते आणि लिबरऑफिस व फायरफॉक्स त्यात आधीच असतात. पेनड्राइव्हवरून ते चालवून पाहता येते. संगणकातले काही बदलावे लागत नाही. आपला प्रिंटर चालतो का, बँकेचे संकेतस्थळ उघडते का, दुकानाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि डिजिटल स्वाक्षरी त्यावर चालते का, हे आधी तपासावे. यांतले एखादे अत्यावश्यक काम अडत असेल, तर खरा परवाना असलेले विंडोजच घ्यावे आणि बाकी सॉफ्टवेअर मुक्त वापरावे. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस घरगुती वापराला पुरेसा आहे, मात्र तो बंद करू नये.

कोठून घ्यावे?

चांगले सॉफ्टवेअरही चुकीच्या दारातून घेतले, तर घात होतो. भारतात २०२२ मध्ये व्हीएलसीचे अधिकृत संकेतस्थळ अनेक महिने बंद होते. दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने व्हीएलसीच्या संस्थेच्या बाजूने कायदेशीर पाठपुरावा केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. मधल्या काळात मिळेल तिथून प्रत उतरवणाऱ्यांनी मोठी जोखीम पत्करली. त्याच वर्षी गिम्पच्या नावाने इंटरनेटवर एक खोटी जाहिरातही झळकली होती. तिच्यावर टिचकी मारली, की पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरत असे.

म्हणून हे नियम पाळावेत :

शोधात सर्वांत वर दिसणारी जाहिरात सोडून द्यावी आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेचेच संकेतस्थळ उघडावे.

बसवताना ‘पुढे, पुढे’ असे न वाचता दाबत जाऊ नये. मध्येच दुसरा एखादा प्रोग्रॅम घुसवला जातो, त्यापुढची खूण काढावी.

एका वेळी एकच सॉफ्टवेअर बसवावे आणि आठवडाभर वापरून पाहावे. नको असेल तर काढून टाकावे.

अँटीव्हायरस बंद करायला सांगणारे काहीही घेऊ नये.

पैशांची फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वाचलेले पैसे कोठे घालावेत?

करोल बागेतल्या त्या घराने दुकानदाराला सांगितले, ‘‘भैयाजी, मशीन दे दीजिए, सॉफ्टवेअर रहने दीजिए.’’ त्याला नवल वाटले. घरी मुलीने एका रविवारी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले. प्रिंटर चालला. टॅलीचा सराव मात्र त्यावर होईना, तेव्हा तिने तो कॉलेजच्या संगणक कक्षात करायचे ठरवले. आईने तक्त्यात पहिल्या दहा नोंदी केल्या. वडिलांना विश्वास बसेना. ते म्हणाले, ‘‘हे बंद पडलं तर? लोकांच्या सोन्याचा हिशोब आहे.’’

त्यांची शंका योग्यच होती. कारण सॉफ्टवेअर फुकट असो वा विकतचे, संगणकाची डिस्क कधीतरी बिघडतेच. म्हणून वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यांनी एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. दर शनिवारी संध्याकाळी आई सगळ्या नोंदींची एक प्रत तिच्यावर उतरवते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. संगणकाला ती कायम जोडून ठेवत नाही, म्हणजे व्हायरस आला तरी तिथपर्यंत पोहोचणार नाही. पहिले तीन महिने कागदाची वहीही सोबत चालू ठेवायची आणि महिनाअखेर दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे, असेही ठरले.

पहिल्या महिन्याच्या शेवटी दोन्ही हिशेबांत थोडा फरक निघाला. शोधल्यावर कळले, की चूक वहीतल्या बेरजेत होती. त्या दिवसापासून वडीलही संध्याकाळी संगणकासमोर बसू लागले.