प्रलयानंतरची काटकसर

जगाचा अंत दाखवायचा तर कोट्यवधींचे भांडवल हवे, हा समज अलीकडच्या भव्य चित्रपटांनी कितीही रूढ केला असला, तरी या चित्रप्रकाराचा इतिहास नेमकी उलट साक्ष देतो. ढासळत्या संस्कृतीतील भणंग वीराची कथा ज्याने जगभर लोकप्रिय केली, तो १९७९ सालचा ऑस्ट्रेलियन ‘मॅड मॅक्स’ अत्यंत तुटपुंज्या पैशांत निघाला. पेशाने डॉक्टर असलेल्या जॉर्ज मिलर यांनी आरंभीच्या पाठलागात स्वतःच्या मालकीची गाडी चक्काचूर होऊ दिली; आणि पडद्यावरच्या पोलिसांत अस्सल चामड्याचा पोशाख एकट्या नायकाच्या वाट्याला येऊन बाकीच्यांची बोळवण नकली चामड्यावर झाली.

१९८१ साली याच कथेचा दुसरा भाग आला आणि त्यामागोमाग इटलीपासून अमेरिकेपर्यंत स्वस्त अनुकरणांची जी रीघ लागली, तिच्यातील बहुतेक चित्रपट कलादृष्ट्या सुमार असूनही व्हिडिओच्या जमान्यात आवडीने पाहिले गेले. याचे कारण मला असे दिसते : ऐतिहासिक चित्रपटात दरबाराचा खांब पुठ्ठ्याचा आहे हे ध्यानी येताच रसभंग होतो, परंतु जिथे राज्य, कचेरी, बाजार, कायदा सारेच लयाला गेले आहे, तिथे गंजलेला पत्रा, विटके वस्त्र आणि ओसाड माळ हे कथेचे अलंकारच ठरतात. निर्मात्याचा जमाखर्च आणि कथानकाचे विश्व यांची अशी तंतोतंत जुळणी अन्य चित्रप्रकारांत क्वचितच साधते. शिवाय कॅनभर पेट्रोलसाठी जिथे माणसे प्राणांवर उदार होतात, तिथे प्रेक्षकालाही आपल्या नित्याच्या वस्तूंचे मोल नव्याने उमगते.

प्रलयाची नसली तरी याच बिरादरीतली अद्भुतकथा आपल्याकडे मालेगावात घडली. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ‘मालेगाव के शोले’नंतर सुपरमॅन गावात उतरविला; कॅमेऱ्याच्या ट्रॉलीऐवजी सायकल जुंपली, आणि यंत्रमागावर राबणाऱ्या किडकिडीत शफीक शेख यांना अतिमानव केले. फैज़ा अहमद ख़ान यांच्या २००८ च्या माहितीपटात हा खटाटोप पाहताना हसू येते, आणि त्या हसण्यात उपहासाचा लवलेश नसतो. कारण उणे ते आपल्या कल्पनेने भरून काढण्याचा करार प्रेक्षकाने मनोमन केलेला असतो.

हा करार आम्हां सावनेरकरांना अपरिचित नसावा. ज्या गावी २३ जानेवारी १९१९ रोजी नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी देह ठेवला, तिथल्या रसिकाला रंगविलेल्या पडद्यात महाल पाहण्याची कला कोणी शिकवायला नको. आणि खडी गंमत या आपल्या लोकनाट्याला तर तेवढाही पडदा लागत नाही. प्रलयानंतरच्या जगाचे नेपथ्यही हाताशी आहे : आपल्या तालुक्यात खापरखेड्याच्या वीजकेंद्राची धुरांडी आहेत, कोळशाच्या खाणी आहेत, आणि वैशाखात करपलेले माळ तर विनामूल्य आहेत.

तथापि, एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. पैशाचा अभाव प्रेक्षक उदारपणे माफ करतो. विचाराचा अभाव मात्र करीत नाही. नकली चामडे चालते, नकली कथा चालत नाही. तेव्हा मोबाईल घेऊन चित्रीकरणासाठी माळावर निघण्याची तजवीज करणाऱ्या तरुणांनी आधी कथेचा खर्डा पुनःपुन्हा तपासावा. त्याला दमडीचाही खर्च येत नाही.

— सावनेरकर