चालण्याच्या वेगाने

पॅलेटवर रचून बांधलेला माल फोर्कलिफ्टच्या हाताळणीत टिकतो का, हे पाहायची एक टेस्ट असते. बाहेरच्या माणसाला ऐकून हसू येईल. जमिनीवर लाकडी फळ्या टाकायच्या आणि त्यांच्यावरून मालासकट फोर्कलिफ्ट न्यायची, बास! पण कल्पना झकास आहे. फोर्कलिफ्टला स्प्रिंगा नसतात, टायर बरेचदा भरीव रबराचे. चाकाला बसलेला दणका थेट फोर्कवर आणि तिथून खोक्यांत. अमेरिकी लष्कराच्या पद्धतीत ही वाट १०० फुटांची. एक इंच जाडीच्या फळ्यांच्या तीन जोड्या. पहिली सरळ आडवी, दुसरी तिरकी (डावं चाक आधी चढावं म्हणून), तिसरी उलट तिरकी. रचलेला माल डोलतो, पिळला जातो, आणि बांधणी कच्ची असेल तर तिथेच कळतं. ज्याने कुणी ती तिरकी फळी सुचवली त्याने गोडाऊनमध्ये बरेच दिवस काढले असणार.

माझं भांडण पुढच्या ओळीशी आहे. ही वाट साधारण २३ सेकंदांत, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने पार करायची. हिशेब केला तर ताशी पाच किलोमीटरही भरत नाहीत. दोन-तीन टनी फोर्कलिफ्ट ताशी १५-२० किलोमीटरने पळू शकते, आणि संध्याकाळी डॉकवर तीन ट्रक उभे असले की ती पळतेच.

एक वेग ठरवणं भाग आहे हे मला मान्य आहे. नाहीतर आजचा निकाल उद्याच्या निकालाशी ताडता येणार नाही. टेस्ट वाईट नाही हो, वाईट आहे तो त्या कागदाचा पुढे होणारा उपयोग. एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये मी हे जवळून पाहिलंय. माल फुटला की 'पास' शेरा असलेली फाईल बाहेर निघायची. पॅकिंग तर पास आहे, मग फुटलं कसं? चालवणाऱ्याने फोडलं! ठेकेदाराच्या बिलातून पैसे कापले जायचे आणि ठेकेदार ते ड्रायव्हरच्या पगारातून कापायचा. एकदा टेस्ट चालू असताना बाजूला उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, असं चालवलं तर दिवसभरात दोन गाड्या पण भरायच्या नाहीत." सगळे हसले. रिपोर्टमध्ये अर्थातच ते वाक्य आलं नाही.

दुसरं म्हणजे, टेस्टमध्ये पॅलेट मोकळ्या जागेत एकटंच असतं. गोडाऊनमध्ये ते एकटं कधी असतं? १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट लांब बाजूने उचलायचं तर आत खोली १००० मिलिमीटर. फोर्क मात्र पुष्कळदा १०७० चे. पूर्ण आत घातले की ७० मिलिमीटरचं टोक पलीकडे निघतं आणि शेजारच्या पॅलेटखाली शिरतं. उचलताना शेजारचंही एका कडेने वर येतं आणि कलंडतं. म्हणजे पडतो तो माल कुणी उचलायला घेतलेलाच नसतो! या प्रकाराला त्या टेस्टच्या फॉर्मवर रकानाच नाही.

आणि पाऊस. प्रयोगशाळेत खोकी सहसा २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवून मग तपासतात. पुठ्ठा ओल धरतो आणि ९० टक्क्यांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. जुलैत न्हावा शेव्याला निघालेल्या मालाला २३ आणि ५० कुठून भेटणार? दमट हवेसाठी ४० अंश आणि ९० टक्के अशी अटही नियमांत आहे, पण ती टेस्ट करवून घेणाऱ्याने मागावी लागते. ज्याचा पगार कापला जातो त्याला कोण विचारतंय!

माझं म्हणणं एवढंच, की 'पास' या शब्दाशेजारी वेग आणि आर्द्रता लिहा. आणि एक फेरी ठरल्याप्रमाणे झाली की दुसरी, आजूबाजूची माणसं हटवून, रोजच्या ड्रायव्हरला रोजच्या वेगाने मारू द्या. पॅलेटही नवं कोरं नको, चार खेपा खाल्लेलं घ्या.

यावर कुणी म्हणेल, ही तर बेफाम चालवायला परवानगी झाली. तसं नाही. वेगमर्यादा जरूर लावा, पण मग गाडी भरायचा वेळही त्याच वेगाने मोजा. समजा ट्रकमध्ये २४ पॅलेट जातात आणि रॅकपासून डॉक ६० मीटरवर आहे. चालण्याच्या वेगाने एका खेपेला जाऊन-येऊन दीड मिनिट, म्हणजे २४ खेपांना ३६ मिनिटं. उचलणं, ठेवणं, वळणं वेगळंच. मी जिथे होतो तिथे गाडी अर्ध्या तासात भरून मागायचे.