पेढीची रीत, न्यासाची रीत

व्यापाऱ्याच्या जुन्या चोपडीत ‘धर्मादा’ नावाचे एक खाते असे. प्रत्येक व्यवहारामागे काही पैसे त्या खात्यात जमा पडत, दिवाळीला त्याचा मेळ बसे, आणि त्यातून पांजरापोळीला चारा, धर्मशाळेला गाद्या, एखाद्या गरजू श्रावकाच्या मुलाला शाळेचे शुल्क जाई. खाते धर्माचे असले तरी रक्कम मात्र पेढीच्याच गल्ल्यात फिरत राही. त्या पैशावर माल येई, विकला जाई, आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. प्रामाणिक शेठ त्यावर स्वतःहून व्याजही लावीत. या रीतीने पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ पुण्यकार्य झाले. परंतु रुग्णालय, वृद्धाश्रम किंवा अपंगांचे वसतिगृह चालविणाऱ्या आजच्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांतही हीच रीत नकळत येऊन बसली आहे, आणि तेथे तिचा भार ज्यांच्यावर पडतो ते लोक बैठकीच्या खोलीत कधीच नसतात.

प्रेमचंद रायचंद यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. मूळ सुरतेच्या या जैन व्यापाऱ्याने अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापूसबाजारात अफाट धन मिळविले. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि प्रेमचंद शेठांची संपत्ती त्यात गेली. मनोरा मात्र उभा राहिला. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला आणि दात्याच्या मातुःश्रींच्या नावाने राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जाऊ लागला. दानाची रक्कम शेठांच्या वहीत केवळ जमेच्या नोंदीने पडून राहिली नव्हती, ती विद्यापीठाच्या हाती गेली होती. ती पेढीतच फिरत असती तर १८६५ च्या धनकोंनी ती केव्हाच वाटून घेतली असती.

दानाचा पैसा वेगळा ठेवण्याचे हे शिस्तशीर वळण जैन समाजाला बाहेरून शिकावे लागलेले नाही. देवद्रव्य साधारण खात्यात येत नाही. स्वप्नांच्या बोलीची रक्कम नेमकी कोणत्या खात्यात जावी यावर संघात तासन्‌तास चर्चा होते. जीवदयेच्या पेटीतला रुपया माणसाच्या औषधाला लावावयाचा नाही, हे पेटीजवळ उभे असलेले लहान मूलही सांगेल. पैशाच्या बाबतीत एवढा विवेक बाळगणारी मंडळीच वृद्धाश्रमाचे धान्य अध्यक्षांच्या चुलतभावाच्या दुकानातून, दुसरा भाव न मागवता, वर्षानुवर्षे घेतात. ‘घरचाच माणूस आहे, फसवणार नाही’ हे त्याचे कारण दिले जाते. बहुधा तो फसवीतही नसेल. पण भाव तपासलाच गेला नाही, तर संस्थेला हे कळायचे कसे?

मुंबईच्या पांजरापोळीची सुरुवात १८३४ ची. त्याआधी दोन वर्षे भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून शहरात दंगा झाला होता. त्यानंतर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर मोतीशा शेठांसारखे जैन व्यापारी पुढे आले आणि संस्था उभी राहिली. तिचा खर्च बाजारातील लाग्यावर चाले, म्हणजे कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी आपणहून ठरावीक रक्कम बांधून घेतली होती. लागा देणाऱ्या प्रत्येकाला संस्थेची आठवण मालाच्या हिशेबाबरोबरच होई, आणि हिशेब विचारण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारू शकत नसे. पुढे अशा संस्थांना जमिनी मिळाल्या, चाळी बांधल्या गेल्या, भाडे येऊ लागले, कायम निधीचे व्याज सुरू झाले. उत्पन्न स्थिर झाले आणि विचारणारे कमी झाले. ज्या संस्थेला दरवर्षी वर्गणीसाठी दारोदार जावे लागते, तिचा अध्यक्ष वर्षातून एकदा तरी लोकांच्या प्रश्नांपुढे उभा राहतो; भाड्यावर चालणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षाला तो प्रसंग टाळता येतो. सधन संस्थांचा कारभार कधीकधी गरीब संस्थांपेक्षा सैल का असतो, याचे मोठे कारण येथे सापडते.

ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा आला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. न्यासाची नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज, आणि मिळकत विकण्यापूर्वी किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी, या त्यातील गोष्टी बहुतेक विश्वस्तांना ऐकून तरी माहीत असतात. या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत रतिलाल पानाचंद गांधी हे एका जैन मंदिराचे व्यवस्थापक होते. पारशी पंचायतीच्या निधींचे विश्वस्तही न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९५४ मध्ये लागला. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद न्यायालयाने अवैध ठरविली, आणि दात्याचा मूळ हेतू पार पाडणे शक्य असताना धार्मिक निधी अन्यत्र वळविण्याची मुभाही नाकारली. नोंदणी, हिशेब व तपासणी यांची चौकट मात्र टिकली.

या निकालात सरकारला घातलेला लगाम तेवढा लक्षात ठेवणे सोपे आहे. पण त्याची दुसरी बाजू अधिक जड आहे. धार्मिक न्यासात विश्वस्ताची खुर्ची समाजाकडेच राहील, सरकार तीवर येऊन बसणार नाही, असे एकदा ठरल्यावर त्या खुर्चीवर कोण बसते आणि बसून काय करते याची जबाबदारीही समाजाकडेच राहते.

शुश्रूषेच्या संस्थेत ही जबाबदारी मंदिरापेक्षा वेगळी असते. वैयावृत्त्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रुग्ण साधूची स्वतंत्र गणना आहे. साधूंच्या सेवेचा हा विचार संस्थांनी श्रावक-श्राविकांपर्यंत आणि पुढे कोणत्याही गरजू माणसापर्यंत नेला. मंदिराच्या शिखरातून पाणी गळू लागले तर दर्शनाला येणारे शंभर लोक ते पाहतात. वृद्धाश्रमात रात्री दोन वाजता कोणी हाक मारली आणि कोणी उठून आले नाही, तर सकाळी ते कोणत्याही वहीत उतरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. ती बदलली गेली नाही की पाठीला जखमा होतात, आणि त्या चादरीखाली असतात. बोलण्याची शक्ती असलेला रहिवासीसुद्धा तक्रार करताना बिचकतो, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच हातून दुसऱ्या दिवशी पाणी प्यावयाचे असते.

म्हणून मंडळाच्या बैठकीत काय बोलले जाते, याला महत्त्व आहे. अनेक संस्थांची इतिवृत्ते चाळली तर नव्या मजल्याचा नकाशा, दात्याच्या नावाची पाटी कोणत्या भिंतीवर, उद्‌घाटनाला प्रमुख पाहुणे कोण, यांवर पानेच्या पाने आढळतील. रात्रपाळीला किती सेविका आहेत, त्यांचा पगार वेळेवर होतो का, गेल्या तीन महिन्यांत किती रहिवासी पडले, कोणाला जखमा झाल्या, यांवर एक ओळही सापडणे कठीण. (पाटीवरील अक्षरांच्या आकारावरून दोन कुटुंबांत अबोला झाल्याच्या कथा गावोगावी सांगितल्या जातात. सेविकांच्या पगारावरून अबोला झाल्याचे अद्याप कोणी सांगितलेले नाही.) विषयपत्रिका ठरविण्याचा अधिकार अध्यक्षाचा असतो. रहिवाशांच्या प्रकृतीचा व तक्रारींचा विषय त्याने पहिल्या क्रमांकावर घेतला आणि इमारतीचा शेवटच्या, तर खर्च एक पैचाही होत नाही; तरीही हा बदल फार थोड्या ठिकाणी दिसतो.

काही प्रश्न असे असतात की ते जैन संस्थेच्या मंडळालाच नीट विचारता येतील. बहुतेक वृद्ध रहिवासी सूर्यास्तापूर्वी जेवतात, कित्येक चौविहार करतात, आणि सकाळी नवकारशी झाल्याखेरीज तोंडात पाणीही घेत नाहीत. हिवाळ्यात हे अंतर तेरा-चौदा तासांवर जाते. ज्याला मधुमेह आहे आणि जो इन्सुलिन घेतो, त्याच्या दृष्टीने ही रात्र धोक्याची ठरू शकते. संध्याकाळच्या जेवणात काय असावे, औषधाची वेळ कशी बसवावी, पहाटे कोणी डोकवावे, आणि आजारपणामुळे ज्याला नियमात सवलत घ्यावी लागते त्याला इतर पंगतीने दूषण देऊ नये यासाठी व्यवस्थापकाने काय करावे, हे सगळे डॉक्टर आणि स्वयंपाकघर यांच्यावर सोडून चालत नाही. व्रत कोणावर लादावयाचे नाही आणि कोणाचे मोडावयाचेही नाही, हे धोरण मंडळाने लिहून ठेवावयाचे असते. असे धोरण लिहिताना विश्वस्त एक संध्याकाळ, न कळवता, रहिवाशांच्या पंगतीत जेवून आले तर कागद बराच निराळा होईल.

धर्मादाय रुग्णालयांच्या मंडळांपुढे याशिवाय न्यायालयाने घातलेले बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावयाच्या असतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावयाची असते. या खाटा महिनाभर खरोखर कोणाला मिळाल्या, हे मंडळातील किती जण सांगू शकतील?

आता खुर्चीविषयी. पेढी मुलाकडे जाते, आणि त्यात काही चूक नाही. भांडवल घराचे असते, तोटाही घरालाच बसतो. न्यासाचे भांडवल घराचे नसते. तरीही कित्येक जुन्या न्यासपत्रांत दात्याच्या वंशातील ज्येष्ठ पुरुष तहहयात विश्वस्त राहील अशी कलमे आहेत. पहिल्या पिढीत दाता स्वतः रोज संस्थेत येत असे. तिसऱ्या पिढीतील वारस दुसऱ्या शहरात राहतो आणि वर्षातून एकदा सही करतो. दात्याच्या कुटुंबाचा मान राखण्याचे पुष्कळ मार्ग आहेत. मताचा अधिकार हा त्यांतला सर्वांत महागडा. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्यादेश काढून आजीव विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा मोठ्या उद्योगघराण्यांच्या न्यासांतही याची चर्चा झाली. सरकारने मर्यादा घालेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नव्हती. कायद्याच्या कलम ५० क खाली योजना मंजूर करून घेऊन न्यासाला आपल्या कारभाराची घडी बदलता येते, आणि पाच-पाच वर्षांची मुदत, दोन मुदतींनंतर सक्तीची विश्रांती, असे नियम स्वतःहून करणे शक्य असते. निवृत्त अध्यक्षाने खोलीबाहेरून कारभार चालवू नये, हा मात्र कोणत्याही कलमात न बसणारा भाग आहे, आणि पुष्कळदा तोच सर्वांत अवघड जातो.

घरात आजाऱ्याची सेवा कोण करते, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत आहे. तरीही सेवेच्या संस्थांच्या मंडळात स्त्रिया एक-दोन, त्याही पुष्कळदा ‘महिला मंडळाच्या प्रतिनिधी’ म्हणून. मगनबाई या दानशूर माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या. तरुणपणीच वैधव्य आलेल्या मगनबाईंनी श्राविकाश्रम उभा केला आणि तो चालविला. सोलापुरात सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेचा कारभार आयुष्यभर वाहिला. ही उदाहरणे गौरवाच्या भाषणांत येतात. विश्वस्त नेमताना ती कोणाला आठवत नाहीत.

राहता राहिला हितसंबंधांचा प्रश्न. विश्वस्ताने किंवा त्याच्या नातेवाइकाने न्यासाच्या पैशातून लाभ घेतला तर न्यासाची करसवलत धोक्यात येते, हे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३ ने सांगून ठेवले. पण कर वाचविण्यासाठी पाळलेला नियम आणि संस्थेसाठी पाळलेला नियम यांत फरक पडतो. व्यापारी समाजाच्या मंडळात औषधवाला, धान्यवाला, सिमेंटवाला, सनदी लेखापाल असे सारेच असणार, आणि त्यांचा माल कधी घ्यावाच लागेल. त्यासाठी तीन दुकानांचे भाव लेखी मागवावेत. ज्याचा संबंध आहे त्याने विषय निघताच खोलीबाहेर जावे. तो बाहेर गेला, उरलेल्यांनी अमुक निर्णय घेतला आणि तो पुन्हा आत आला, हे इतिवृत्तात त्याच्या नावासह लिहिले जावे. प्रत्येक विश्वस्ताने स्वतःच्या व जवळच्या नातेवाइकांच्या पेढ्यांची यादी दरवर्षी एप्रिलमध्ये सही करून द्यावी. ती एका पानात मावते, आणि वार्षिक सभेला ताळेबंद ठेवतात त्याच टेबलावर तीही ठेवता येते.