कोट, नॅपकिन आणि विनोदाचा परवाना

२ एप्रिल २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी कुठल्या देशावर किती आयातशुल्क, याची यादी जाहीर केली. तिच्यात हर्ड आणि मॅकडोनाल्ड या बेटांचंही नाव निघालं. ही बेटं अंटार्क्टिकाच्या वाटेवर आहेत. तिथं माणूस राहत नाही. पेंग्विन राहतात, सील राहतात. त्यांच्यावर दहा टक्के. सगळं जग हसलं. मराठी माणसानं मात्र हसण्याआधी जरा ताठ बसायला हवं होतं, कारण पेंग्विनला राजकारणात ओढण्याचा पहिला मान आपला आहे. २०१६ च्या जुलैत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले आणि बघता बघता ते पक्षी कमी अन् पक्ष जास्त झाले. आदित्य ठाकऱ्यांना विरोधकांनी तेच टोपणनाव चिकटवलं. पुढं २०२५ च्या जूनमध्ये बागेतल्या पिल्लांची नावं इंग्रजी का ठेवली, मराठी का नाहीत, म्हणून तिथं आंदोलन झालं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. आठ महिन्यांत तो पेंग्विनांपर्यंत पोचला. मराठी शाळांपर्यंत पोचायला वेळ लागेल, तिथं वातानुकूलन नाही.

भारतावरचं पन्नास टक्के शुल्क लागू झालं ते २७ ऑगस्ट २०२५ ला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी. आमच्या पनवेलच्या शेजारच्या पेणहून गणपती अमेरिकेला जातात, पण ते काही महिने आधीच बोटीनं निघतात. विघ्नहर्त्यानं निदान स्वतःपुरतं विघ्न टाळलं.

दर आठवड्याला बातम्यांतली गंमत शोधायची, हे या स्तंभाचं काम. भेटणारे म्हणतात, तुमची चैन आहे, हल्ली बातमीच विनोदी असते. मला ती चैन वाटत नाही. पूर्वी पुढारी गंभीर चेहऱ्यानं काहीतरी बोलून जायचे आणि त्यातला विनोद लोक शोधून काढायचे. आता पुढारीच विनोद करतो, त्याची माणसं त्याची चित्रफीत कापून देतात, आणि आपण ती सकाळच्या चहाबरोबर शंभर जणांना फुकट वाटतो. हसलो आपण, काम झालं त्याचं.

आमच्या रायगड जिल्ह्याचंच घ्या. महाडचे आमदार भरत गोगावले यांचा कोट साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. २०२२ साली शिंदे सरकार आलं, मंत्रिपद आलंच असं समजून त्यांनी कोट शिवला. ऑगस्टमध्ये विस्तार झाला, त्यात नाव नाही. पुढच्या जुलैत राष्ट्रवादीचे नऊजण अचानक येऊन शपथ घेऊन गेले, त्यात शेजारच्या श्रीवर्धनच्या आदिती तटकरेही होत्या. कोट कपाटातच. २०२४ च्या सप्टेंबरात एसटी महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं. शेवटी १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात मंत्रिपदाची शपथ झाली. या कोटाची गोष्ट गोगावले स्वतःच हसत सांगत आले, आणि ती सांगून त्यांनी लोकांचं प्रेमच मिळवलं. दुसऱ्या कुणी ती त्यांच्यावर उलटवायच्या आत त्यांनी ती आपली करून टाकली. हे हुशारीचं काम आहे, मी टोपी काढतो.

पण गोष्ट तिथं थांबत नाही. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली, रायगडला आदिती तटकरे. गोगावल्यांचे समर्थक महाडजवळ महामार्गावर उतरले, टायर जाळले, मुंबई-गोवा महामार्ग अडवला. (तो आधीच अडलेला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.) दुसऱ्याच दिवशी नियुक्तीला स्थगिती मिळाली. मग महिनोन् महिने जिल्ह्याला पालकच नाही. ध्वजारोहणाची तारीख जवळ आली की झेंडा कोण फडकवणार यावर पैजा लागायच्या. याच काळात आदितींचे वडील, खासदार सुनील तटकऱ्यांनी एका मेळाव्यात खांद्यावर नॅपकिन टाकून गोगावल्यांची नक्कल केली. सभा खो खो हसली, वाहिन्यांनी ती दिवसभर दाखवली. खासदारानं मंत्र्याची नक्कल केली आणि कुणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. दुखावल्या असतील तर त्या पोलीस ठाण्यापर्यंत गेल्या नाहीत.

मला या नॅपकिनवर आक्षेप नाही. नक्कल बरी होती. माझा आक्षेप असा, की हा परवाना फक्त त्यांनाच का?

२०२२ चा उन्हाळा आठवा. केतकी चितळे या अभिनेत्रीनं १३ मे रोजी शरद पवारांवरची, दुसऱ्या कुणाच्या नावाची एक पद्यरचना समाजमाध्यमावर टाकली. दुसऱ्या दिवशी ठाणे पोलिसांनी तिला ताब्यात घेतलं ते आमच्या कळंबोलीतून. पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई फेकली गेली. राज्यभर एकावर एक गुन्हे दाखल झाले आणि ती चाळीस दिवसांहून अधिक काळ कोठडीत राहिली. ती पोस्ट विनोद नव्हती. मला ती हिणकस वाटली आणि आजही वाटते. हिणकसपणाला उत्तर म्हणून दुर्लक्ष पुरलं असतं. ती सुटली जूनच्या उत्तरार्धात, आणि नेमके त्याच दिवसांत शिवसेनेचे चाळीसेक बंडखोर आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला पोचलेले होते. तिथून सांगोल्याचे शहाजीबापू पाटील आपल्या कार्यकर्त्याला फोनवर झाडी, डोंगार आणि हाटिलाचं वर्णन करून सगळं कसं ‘ओक्के’ आहे ते सांगत होते. त्या संवादावर गाणी निघाली, सदरे छापले गेले, लग्नाच्या मांडवात तो वाजला. पनवेलच्या नाक्यांवर पोरं तो घोकत होती.

सरकार पडत होतं. पक्षांतरबंदी कायद्याचा, राज्यपालांच्या अधिकाराचा, विधानसभेच्या उपाध्यक्षांनी काढलेल्या नोटिशींचा प्रश्न होता, आणि आपण डोंगराचं कौतुक करत होतो. शहाजीबापूंच्या बोलण्यात कसलाही कावा नसेल, माणूस मोकळा आहे. पण त्या एका फोननं घटनात्मक पेचाची सहल करून टाकली. एवढा गोड विनोद कुठल्याही जनसंपर्क कंपनीला पैसे देऊन लिहून मिळाला नसता. विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहून खोक्यांची घोषणा दिली, तीही गाजली, पण पहिलं हसू ज्याचं त्यानं बाजी मारली होती. २०२४ ला सांगोल्यानं शहाजीबापूंना घरी बसवलं आणि शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून दिले. पनवेल हा एकेकाळी याच लाल बावट्याचा गड. आता तो पक्ष शोधायला आम्हाला सांगोल्यापर्यंत जावं लागतं, तोही एक विनोदच, फक्त त्यावर गाणं निघालेलं नाही.

याची उलट बाजू बघा. २३ मार्च २०२५ ला कुणाल कामरा या विनोदवीराच्या एका विडंबनगीतावरून शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारमधला ‘हॅबिटॅट’ हा मंच फोडला. गाण्यात नाव कुणाचंच नव्हतं, ते कार्यकर्त्यांनी घातलं. दुसऱ्या दिवशी मुंबई महापालिकेचे लोक त्याच जागी बेकायदा बांधकाम पाडायला हातोडे घेऊन हजर. महापालिकेच्या कामाचा एवढा वेग पाहून पनवेलकरांना हेवा वाटला.

आता यातली खरी गोम. शिवसेना निघाली ती एका व्यंगचित्र साप्ताहिकाच्या पोटातून. ‘मार्मिक’चा पहिला अंक १३ ऑगस्ट १९६० ला निघाला आणि त्याचं प्रकाशन केलं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. ज्यांची व्यंगचित्रं त्यात पुढं निघायची होती, त्यांनीच नारळ फोडला! पासष्ट वर्षांनी त्याच परंपरेचं नाव सांगणाऱ्यांनी नारळाऐवजी खुर्च्या फोडल्या. १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके हवालदार होऊन उभे राहायचे आणि त्या दिवशीच्या पेपरातल्या बातमीवर तिथल्या तिथं वाक्यं जोडायचे. प्रेक्षकांत पुढारी असला तर जास्तच. हा तमाशातल्या बतावणीचा जुना रिवाज: राजाला राजाच्या तोंडावर बोलायचं, आणि राजानं हसायचं. हसू आलं नाही तरी हसायचं, कारण आजूबाजूला सगळे हसतायत. तो पुढारी घरी जाऊन चरफडत असेल. पण मांडव जाळायला माणसं पाठवत नव्हता.

नटनट्यांवरचा विनोद मात्र बिनधोक असतो, म्हणून तो भरपूर असतो. पनवेलला त्याची कमतरता नाही. सलमान खानचं शेतघर आमच्याकडे आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो तिथंच अडकला, तिथंच गाणं चित्रित केलं, अंगाला चिखल लावून शेतकऱ्यांच्या सन्मानार्थ छायाचित्र टाकलं. ज्यांची भातलावणी खरोखरच चालू होती, त्यांना छायाचित्र काढायला हात मोकळा नव्हता. मग २०२१ च्या नाताळात, वाढदिवसाच्या तोंडावर, त्याला साप चावला. काठीवर घेऊन सोडायला गेला आणि तीनदा चावून घेतलं. कामोठ्याच्या रुग्णालयात काही तास ठेवून डॉक्टरांनी घरी सोडलं, तो वाढदिवसाला हसतखेळत पत्रकारांसमोर आला. तोवर वाहिन्यांनी सापाची जात, स्वभाव आणि त्याची सद्यस्थिती यावर दिवस काढला होता. वडिलांनी सापाची चौकशी केली तेव्हा टायगरही जिवंत आहे आणि सापही, असं आपण सांगितलं, हे त्यानंच ऐकवलं. इथंही विनोद ज्याचा त्यानंच केला, पण कबूल करतो, छान केला.

त्यानंतर बरोबर महिन्यानं, २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, पद्म पुरस्कारांच्या यादीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव आलं. सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात हा डॉक्टर आला तेव्हा कोकणात विंचवाच्या दंशानं शंभरातले चाळीस दगावायचे. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून त्यांनी ते प्रमाण एकावर आणलं, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, जगानं वाचलं. तोच रायगड जिल्हा, तसाच दंश. वाहिन्यांचा किती वेळ कुणाला मिळाला, हे तुम्हीच आठवून पाहा.

कधी कधी हसू चुकीच्या माणसावर पडतं. २०२१ साली पनवेल-उरणचे लोक नवी मुंबई विमानतळाच्या नावासाठी रस्त्यावर उतरले. १० जूनला मानवी साखळी, २४ जूनला सिडको भवनावर मोर्चा. तेव्हा विमान नव्हतं, धावपट्टी नव्हती, उलव्याची टेकडी कापायचं काम चालू होतं आणि नावं मात्र तीन तयार होती. मुंबईच्या लेखकूंना यात फार गंमत वाटली. दि. बा. पाटलांचं नाव इथल्या माणसाला का हवं, हे त्यांनी विचारलं नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांनी उभारलेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. ज्यांच्या शेतावर विमान उतरतं, त्यांनी पाटीवर आपला माणूस मागितला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. हसायचं तर हे बघा: पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं १८ फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन केलं ८ ऑक्टोबर २०२५ ला, पहिलं प्रवासी विमान आलं २५ डिसेंबरला. एवढ्या वर्षांत डोंगर हलला, नदी वळली. पाटी रंगवायचं काम मात्र उद्घाटनाच्या दिवशीही बाकी होतं.

आमच्या महापालिकेचीही अशीच एक गोष्ट. १८५२ ची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली. सिडको वसाहतींतले लोक सेवा घेत होते सिडकोकडून, शुल्कही भरत होते सिडकोला. काही वर्षांनी महापालिकेनं मालमत्ता कराची बिलं पाठवली, आकारणी थेट जन्मदिवसापासून! मूल बारशाचा खर्च व्याजासकट पाहुण्यांकडून मागतंय, असा तो प्रकार. नगरसेवकांची मुदत २०२२ च्या जुलैत संपली आणि साडेतीन वर्षं प्रशासक. तक्रार घेऊन जायचं तर कुणाकडं, हा प्रश्न होता. यावर एकाही पुढाऱ्यानं विनोद केला नाही. केतकीची पोस्ट, कामराचं गाणं, सलमानचा साप यांवर प्रत्येकाला मत होतं. बिलावर सगळे गंभीर.

माझी कसोटी आता ठरली आहे. हसून झाल्यावर ज्याच्यावर हसलो त्याचं काही कमी झालं का? कोटावर हसलो, गोगावल्यांचं वजन वाढलं. डोंगारावर हसलो, बंड पचलं. हसून झाल्यावर पुढाऱ्याची लोकप्रियता वाढत असेल तर ती जाहिरात आहे आणि आपण तिचे बिनपगारी वाटपी.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. पळस्पे फाट्यापासून मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. दर गणपतीला कुणी ना कुणी मंत्री पाहणी करून नवी तारीख देतो. त्या तारखांवर, करबिलांवर, फलकावर हात जोडून उभ्या असलेल्या भावी नगरसेवकांवर तुमच्या गल्लीत जे विनोद चालतात ते माझ्याकडे पाठवा. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा, छापणार नाही. सापाचे पाठवू नका, खूप जमा झालेत.