आधी विभाग, मग विद्यापीठ

बारावीचे गुणपत्रक हाती पडायच्या आतच घरातले फोन वाजू लागतात. पलीकडून खासगी विद्यापीठाचा समुपदेशक बोलत असतो आणि आजच्या आज अनामत भरली तर जागा राखून ठेवू, असे सांगत असतो. सार्वजनिक विद्यापीठाचा असा फोन कुणालाच येत नाही. त्यांची माहिती संकेतस्थळावरच्या परिपत्रकांत शोधावी लागते. त्यामुळे करदात्यांच्या पैशांवर उभी राहिलेली ही विद्यापीठे सामान्य घरांच्या यादीत ‘दुसरीकडे कुठेच नाही मिळाले तर’ या रकान्यात जाऊन बसतात. हा क्रम उलटायला हवा. आवड, गुण आणि ऐपत यांचा मेळ घालायचा असेल तर पहिली यादी सार्वजनिक विद्यापीठांचीच करावी आणि ती करताना विद्यापीठाच्या नावाआधी विभाग पाहावा.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857ची, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाची 2011ची. या दीडशे वर्षांत महाराष्ट्राने उच्च शिक्षणाचे जे जाळे विणले, त्याची व्याप्ती आपल्यालाच पुरती ठाऊक नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919पासून आहे. पुणे विद्यापीठात नाटक आणि संगीत शिकायला ललित कला केंद्र आहे, नाट्यशास्त्राचा विभाग छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही आहे. रासायनिक तंत्रज्ञान जळगावच्या विद्यापीठाच्या आवारात शिकता येते, संस्कृतसाठी रामटेकला स्वतंत्र विद्यापीठ आहे, मत्स्यशास्त्रासाठी रत्नागिरीजवळ शिरगावला महाविद्यालय आहे. घरच्या गोठ्यात वाढलेल्या आणि दुधाच्या धंद्यातच पुढे काही करू पाहणाऱ्या मुलीला उदगीरला किंवा पुसदजवळच्या वरुडला दुग्धतंत्रज्ञानाची पदवी घेता येते, हे तिच्या शाळेत तिला किती जणांनी सांगितलेले असते? शेजारच्याने संगणक अभियांत्रिकी घेतली म्हणून आपणही घ्यायची, ही आवड नव्हे.

विभागाची पारख जाहिरातीवरून होत नाही, तशी केवळ ‘नॅक’च्या श्रेणीवरूनही होत नाही. ती श्रेणी अख्ख्या संस्थेची असते. ज्या विभागात तीन-चार वर्षे काढायची, त्याची अवस्था त्यातून कळत नाही. शिवाय पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा विद्यापीठाशी संबंध परीक्षा आणि प्रमाणपत्रापुरता येतो. शिकवणारे असते संलग्न महाविद्यालय. म्हणून कामाच्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन यावे. सूचना फलकावरचे वेळापत्रक पाहावे, प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप आहे की आत मुले आहेत हे पाहावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे, की या सत्रात प्रात्यक्षिके किती झाली आणि शिकवणाऱ्यांत पूर्णवेळ प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती. अशा तासाभराच्या चौकशीतून जे कळते, ते गुळगुळीत माहितीपत्रकात सापडत नाही.

दुसरा मुद्दा गुणांचा. इथे घराघरांत घोटाळा होतो तो टक्के आणि पर्सेंटाइल यांच्यात. सीईटीत 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. साधारणपणे शंभरातले नव्वद परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे गेल्या वर्षीचा कटऑफ पाहताना शाखा, प्रवर्ग, फेरी आणि आपण त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले आहोत की बाहेरचे, हे चारही रकाने एकत्र वाचावे लागतात. पसंतीक्रमाचा अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या हवाली करणे तर घातक आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. जे खरोखर हवे तेच पहिल्या क्रमांकावर लिहावे, गुणांच्या आवाक्यातले पर्याय मधे ठेवावेत आणि हमखास मिळतील असे काही शेवटी जोडावेत. गुण कमी पडले तर मुलाला बोल लावण्यापेक्षा यादी लांबवणे शहाणपणाचे.

तिसरा मुद्दा पैशांचा, आणि तो घरात मुलांसमोर मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे. शुल्काची पावती हा खर्चाचा एक भाग झाला. किनवटचा मुलगा पुण्यात आला, की कॉट बेसिसवरची खोली, तिचे डिपॉझिट, मेसचा डबा, बसचा पास आणि सणावारी गावी जाण्याचे भाडे, असा खर्च महिन्यामागून महिना चालू राहतो. तोच अभ्यासक्रम नांदेडच्या विद्यापीठात चांगला शिकवला जात असेल, तर तिथे जाण्यात कमीपणा कसला? शासनाच्या योजनांचाही हिशेब आधीच मांडावा. 2024च्या जुलैत निघालेल्या शासन निर्णयानुसार, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. हे ठाऊक नसल्याने एखादे कुटुंब अनामत भरून मोकळे होते आणि हक्काच्या सवलतीला मुकते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांसाठी सेतू केंद्रात, तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी जात पडताळणी समितीकडे जायचे ते निकालानंतर नव्हे, परीक्षेआधी. वसतिगृह निर्वाह भत्ता आणि ‘कमवा व शिका’ योजना यांचीही चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

एवढे सगळे कुटुंबांनी करावे, हे ठीकच. पण शासन आणि विद्यापीठांनी आपला वाटा उचलल्याशिवाय या निवडीला अर्थ नाही. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, तर विभागाची निवड करायची कशाच्या आधारे? शुल्कमाफीची रक्कम शासनाकडून वेळेत आली नाही, की महाविद्यालय ती विद्यार्थ्याकडे मागते आणि गरीब घराला तेवढ्यासाठी सावकार गाठावा लागतो. प्रवेश आधी आणि वसतिगृहाची यादी दोन महिन्यांनी, या रीतीत मुलींचे शिक्षण सर्वांत आधी सुटते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने प्रत्येक विभागाची माहिती एका पानावर, सोप्या मराठीत, बारावीच्या निकालाआधी जाहीर करावी. मंजूर आणि भरलेली पदे, एकूण शुल्क, वसतिगृहाच्या जागा, गेल्या वर्षीचे कटऑफ आणि उत्तीर्ण विद्यार्थी पुढे कुठे गेले, एवढे त्यात असावे. प्रवेश आणि वसतिगृह यांचा निर्णय एकाच वेळी व्हावा. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी खात्यात जमा व्हावा. 2016च्या कायद्याने या विद्यापीठांना ‘सार्वजनिक’ म्हटले आहे. ती लोकांची आहेत, तर लोकांना पारखून घेता येतील इतकी त्यांची माहिती खुली असली पाहिजे. ती मागण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आणि विद्यार्थ्याला आहे, आणि यंदाच्या प्रवेशांपासूनच त्यांनी तो बजावावा.