अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या हाती हवा

विद्यापीठाचा अभ्यासक्रम म्हणजे प्रकरणांची यादी, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, तीत आणखी काही असावयास हवे हा विचारही कुणाच्या मनास शिवत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून यादी निघते व जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत पोहोचते. मंठा, परतूर वा भोकरदनचा विद्यार्थी पुष्कळदा ती पाहतही नाही. तो बाजारातले गाईड विकत घेतो. त्या गाईडचा लेखक कोण हे त्यास ठाऊक नसते, परंतु पदवी मिळेपर्यंत त्याचा खरा प्राध्यापक तोच असतो.

यात सारा दोष प्राध्यापकांचा नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अभ्यासक्रम तयार करणे हे अभ्यास मंडळाचे काम असून विद्या परिषद त्यास मान्यता देते. संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकास त्यातील एक घटकही स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही. परंतु तो घटक केव्हा शिकवावा, कोणत्या ग्रंथांच्या व उदाहरणांच्या आधारे शिकवावा आणि अंतर्गत गुण कसे द्यावेत, हे बरेचसे त्याच्याच हाती असते. हा तपशील ‘अध्यापन आराखडा’ या नावाने लिहिलाही जातो. मात्र अनेक ठिकाणी तो नॅकच्या समितीस दाखविण्याच्या फाइलीत राहतो. ज्याच्यासाठी तो लिहावयाचा, त्याच्या हाती तो पडत नाही.

तो पहिल्या आठवड्यातच, छापील व मराठीत, प्रत्येक विद्यार्थ्यास मिळाला पाहिजे. त्यात काय असावे?

पहिली गोष्ट वेळापत्रक. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासिका. चार श्रेयांकांच्या विषयास साठ तासिका मिळावयास हव्यात. कोणत्या आठवड्यात कोणता घटक, हे लिहिले असेल तर किती तासिका बुडाल्या याचा हिशेब विद्यार्थीच मांडू शकेल. या जिल्ह्यात त्याचे मोल विशेष आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी तांडे निघतात आणि हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आईबापांबरोबर फडावर जाणे ज्यास भाग पडते, किंवा जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये पाळी करून जो शिकतो, त्यास आपले काय चुकले व ते कोठे वाचावयाचे, एवढे तरी कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट गुणदानाचे नियम. चाचणी केव्हा, प्रकल्पास किती गुण, उशीर झाल्यास काय, शंका असल्यास प्राध्यापक कोणत्या वेळी भेटतील, हे सारे लिखित असावे. अलिखित नियम नेहमी वजनदाराच्या बाजूने झुकतो. ज्याचा मामा संस्थेत आहे त्यास नियम विचारण्याची गरज पडत नाही. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलीस तो विचारण्याचे धैर्य होत नाही.

तिसरी गोष्ट वाचनसूची. ग्रंथालयात नसलेल्या दहा इंग्रजी ग्रंथांची नावे देणे हा देखावा झाला. तीनच पुस्तके सांगावीत, पण ती मराठीत असावीत आणि कपाटात त्यांच्या पुरेशा प्रती असाव्यात. हे अशक्य नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, तेव्हा पाठ्यग्रंथांसाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारण्यात आला होता. निजामाने मराठी भाषकांवर उर्दू लादली हे खरेच. पण सरंजामी राजवटीस जे आपल्या भाषेसाठी साधले, ते लोकशाही महाराष्ट्रास मराठीसाठी का साधू नये?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: विषयाचा आपल्या मातीशी सांधा. अर्थशास्त्राचेच उदाहरण घ्यावे. ‘प्रभावी मागणी’ हे प्रकरण केन्सच्या नावाने पाठ होते. परंतु १९७२ च्या दुष्काळात ज्याच्या आजीने खडी फोडली, त्यास सार्वजनिक कामांचे अर्थशास्त्र दाखविण्यास इंग्लंडास जावे लागत नाही. त्याच अनुभवाच्या बळावर महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यास त्याने वाट दाखविली. ‘हरितक्रांती’ शिकविताना १९६४ साली जालन्यातच सुरू झालेला ‘महिको’चा बियाणे उद्योग, आणि २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसापासून शेतकऱ्याचा झालेला नफा-तोटा यांचा विचार व्हावा. ‘प्रादेशिक असमतोल’ शिकविताना दांडेकर समितीचा १९८४ चा अनुशेषविषयक अहवाल विद्यार्थ्याने स्वतः चाळावा आणि प्रकल्प म्हणून आपल्या गावातील दहा कुटुंबांचे कर्ज, पाणी व स्थलांतर नोंदवावे.

यामुळे दृष्टी संकुचित होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एका खेड्याची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. आज ती भारतीय ग्रामीण अर्थशास्त्राचा पाया मानली जाते. एक गाव नीट पाहिलेला मनुष्य देश समजू शकतो. एकही गाव न पाहता पाठ केलेली व्याख्या परीक्षेच्या मांडवातच विरून जाते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त असून तासिका तत्त्वावरील प्राध्यापक शिकवीत आहेत. सत्र सुरू झाल्यावर ज्याची नेमणूक होते व सत्र संपताच जो मोकळा होतो, त्याने आराखडा केव्हा करावा आणि विद्यार्थ्यांस भेटीची वेळ कोणत्या खोलीत द्यावी? म्हणून चांगल्या अभ्यासक्रमाची मागणी ही पूर्णवेळ पदांच्या भरतीच्या मागणीपासून वेगळी काढता येत नाही. जी एकटी मागणी करील, ती संघटना प्राध्यापकासच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील आणि शासन नामानिराळे राहील.

कार्यकर्त्यांनी येत्या जूनमध्ये आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयांत जाऊन एवढेच विचारावे: आराखडा विद्यार्थ्यांस मिळाला काय, सूचीतील पुस्तके कपाटात आहेत काय, आणि शिकविणाऱ्याची नेमणूक किती महिन्यांची आहे? फीमाफीचे आणि वसतिगृहांचे लढे आवश्यकच आहेत. परंतु वर्गाच्या दारापर्यंत पोहोचलेल्या श्रमिकाच्या मुलास आत काय मिळते, हा प्रश्नही चळवळीचाच आहे.