आधी टेस्ट मोजा, मग हिरवा रंग पाहा

गोंदिया–जबलपूर मार्गावर 762 मिलिमीटरची छोटी लाइन शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. ती 1676 मिलिमीटरची मोठी लाइन झाली, पण एका झटक्यात नव्हे. आधी गोंदिया ते बालाघाटचा टप्पा झाला, पुढचा कितीतरी नंतर. मधली बरीच वर्षे जबलपूरला जाणारा माणूस बालाघाटला उतरून गाडी बदलायचा. त्रास होता, पण त्या वर्षांत वाहतूक चालू राहिली.

जावाच्या टेस्ट लिहिण्याच्या जेयुनिट 4 या फ्रेमवर्कवरून जेयुनिट 5 वर जाणाऱ्यांसाठी व्हिंटेज इंजिन म्हणजे हेच बालाघाट. त्यामुळे जुन्या आणि नव्या टेस्ट एकाच बिल्डमध्ये चालतात. घाईत अनेक जण हे इंजिन लावतच नाहीत, आणि खरा घात तिथेच होतो.

गोंदियातल्या राइस मिलचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम घ्या. सरकारी धानाच्या भरडाईत केंद्राच्या निकषाप्रमाणे 100 क्विंटल धानामागे साधा तांदूळ 67 क्विंटल, उकडा 68 क्विंटल जमा करायचा. हा उतारा तपासणाऱ्या टेस्टवर जुन्या पॅकेजमधले ‘टेस्ट’ हे अ‍ॅनोटेशन तसेच राहिले. जुनी जार दुसऱ्या एखाद्या लायब्ररीमागून आलेली असते, त्यामुळे कोड बिनबोभाट कंपाइल होतो. पण नवे इंजिन त्या टेस्टला ओळखतच नाही. ती नापास होत नाही, कारण ती चालतच नाही. बिल्ड हिरवा. उद्या कोणी 67 च्या जागी 76 लिहिले तरी हिरवाच.

याहून फसवे म्हणजे ‘टेस्ट’ नवे आणि ‘बिफोर’ जुने. टेस्ट चालते, पण तिच्याआधीची मांडणी होत नाही. तिथे ‘बिफोरईच’ हवे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. स्थलांतराच्या प्रत्येक कमिटनंतर चाललेल्या टेस्टचा आकडा आदल्या आकड्याशी जुळला पाहिजे. एक जरी कमी झाली, तरी ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. हलवलेल्या प्रत्येक फाइलमागचा कोड एकदा मुद्दाम बिघडवून टेस्ट लाल होते का, तेही पाहावे. वेळ लागतो, लागू द्या. आणि या कमिटमध्ये मूळ कोडची सुधारणा करू नये. नाहीतर बिघाड टेस्टचा की कोडचा, हे कळत नाही.

व्हिंटेजवर कायमचा मुक्काम मात्र नको. 2025 मध्ये आलेल्या जेयुनिट 6 ने त्याच्यावर निवृत्तीचा शिक्का मारला आहे. जेयुनिट 4 ची शेवटची आवृत्ती, 4.13.2, हीही 2021 ची.

प्रोग्राम राइस मिलचा असेल, तर धान खरेदीचा हंगाम सुरू असताना हे काम काढू नका. पावसाळ्याचे महिने त्यासाठी बरे. सुरुवात करण्याआधी मुख्य शाखेवर आज किती टेस्ट चालतात, तो आकडा लिहून टीमच्या भिंतीवर लावा.